मालक नेमका कोण?

ठाण्याची वागळे इस्टेट आणि डोंबिवलीची औद्योगिक वसाहत यांनी कोकणातून व देशावरून आलेल्या हजारो कुटुंबांचे संसार मार्गी लावले. भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांच्या भरवशावर कल्याण-डोंबिवलीत कित्येकांनी घरे घेतली, मुलांची शिक्षणे केली. आज त्याच घरांतील तरुण सकाळची लोकल पकडतात, तेव्हा ते राबतात एका कंपनीत आणि त्यांच्या पगारपत्रकावर नाव असते दुसऱ्याच एजन्सीचे!

मनुष्यबळ पुरविणारी एजन्सी मुळातच त्याज्य आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ओळखपाळख नसलेल्या पदवीधराला बँकेत, रुग्णालयात वा भिवंडीच्या गोदामात पहिला प्रवेश अनेकदा तीच मिळवून देते. प्रामाणिक एजन्सी निधी भरते, कर्मचारी राज्य विम्याचे संरक्षण देते. अनुभवाचे दोन ओळींचे पत्रही पुढच्या नोकरीसाठी मोलाचे असते.

परंतु पहिली पायरी हाच जेव्हा कायमचा मुक्काम होतो, तेव्हा प्रश्न उभा राहतो. त्याच यंत्रावर, त्याच टेबलावर वर्षानुवर्षे काम करणाऱ्याची एजन्सी तेवढी बदलत राहते. सेवेचा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि ग्रॅच्युइटीसाठी लागणारी पाच वर्षे कधी भरतच नाहीत. पगार थकला तर कंपनी एजन्सीकडे बोट दाखविते, एजन्सी कंपनीकडे. श्रम घेणारा हात दिसतो. जबाबदारी घेणारा हात मात्र दिसत नाही.

वस्तुतः 1970च्या कंत्राटी कामगार कायद्याने कंत्राटदाराने वेतन न दिल्यास ते देण्याचे दायित्व मूळ मालकावर टाकले होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांतही ते कायम आहे. मात्र एखाद्या कामात कंत्राटी पद्धतीला बंदी झाली, तरी कामगार आपोआप कायम होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली ‘सेल’ प्रकरणात दिला. म्हणजे बंदी मागावी, तर हातची नोकरीच जाण्याचे भय!

‘कामाची गरज हंगामी असते,’ हा उद्योजकांचा युक्तिवाद आता टिकणारा नाही. ठरावीक मुदतीसाठी कामगार थेट नेमण्याची सोय नव्या संहितांनी दिली असून, अशा कामगाराला एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्कही दिला आहे. मार्ग मोकळा असताना मध्यस्थाचा आग्रह धरला जातो, तो गरजेपोटी की जबाबदारी टाळण्यासाठी?

मध्यस्थाला पर्याय असू शकतो, हे महाराष्ट्राने फार पूर्वीच दाखविले आहे. 1969च्या माथाडी कायद्याने आणि 1981च्या सुरक्षा रक्षक कायद्याने मंडळे निर्माण केली. मालकाने मजुरीबरोबर लेव्ही मंडळाकडे भरावी आणि मंडळाने कामगाराला वेतन, निधी, बोनस द्यावा, अशी ती व्यवस्था. काम कुठेही असो, नोंद एका जागी राहते. या मंडळांत दोष शिरले असतील, तर ते दूर करावेत. मूळ कल्पना टाकून देण्यासारखी नाही. भारतीय मजदूर संघाचे संस्थापक दत्तोपंत ठेंगडी यांनी ‘उद्योगांचे श्रमिकीकरण’ हे सूत्र मांडले. ज्याचा मालकच अदृश्य आहे, त्या श्रमिकाला उद्योग आपला कसा वाटावा?

या प्रश्नात मध्यमवर्गही केवळ बळी नाही. घोडबंदर मार्गावर असो वा डोंबिवलीत, सोसायटीच्या फाटकावरील रखवालदार बहुधा एजन्सीचाच असतो आणि सर्वसाधारण सभेत मंजूर होते ती सर्वांत स्वस्त निविदा. त्या दरात किमान वेतन बसते काय, बारा तासांच्या पाळीचा जादा मोबदला मिळतो काय, निधीची पावती कुणी पाहिली काय? स्वतःच्या मुलासाठी न्याय मागणाऱ्यांनी हे तीन प्रश्न येत्या सभेत अवश्य विचारावेत. त्या फाटकापुरते मूळ मालक आपणच आहोत.