वाघोबाच्या कादंबरीआधी

ऐतिहासिक अद्भुतिकेत काळ, राजे आणि गावे खरी असतात. त्यांच्यात लोककथेतले देव आणि भुते उघडपणे वावरतात. फिनलंडमध्ये या प्रकाराचा पाया एका डॉक्टरने घातला. एलियास ल्योनरूट कारेलियाच्या सीमाभागात हिंडला आणि त्याने गायकांच्या तोंडची गाणी उतरवून घेतली. त्यांतून रचलेले ‘कालेवाला’ १८३५ मध्ये निघाले. १८४९ च्या वाढीव आवृत्तीत ५० सर्ग आणि २२,७९५ ओळी झाल्या. ल्योनरूटने गाणी सांधली, पदरच्या ओळीही घातल्या. पण मूळ टिपणे जपली गेली, म्हणून गायकांचे किती आणि त्याचे किती हे आजही तपासता येते. टॉल्किनने यातली कुल्लेर्वोची कथा तरुणपणी पुन्हा लिहायला घेतली. पुढे तिच्यातूनच त्याचा टूरिन हा नायक घडला.

मराठीत अद्भुत आणि इतिहास दहा वर्षांत आले आणि वेगळे झाले. अद्भुतरम्य ‘मुक्तामाला’ १८६१ ची आणि ‘मंजुघोषा’ १८६८ ची, गुंजीकरांचे ऐतिहासिक ‘मोचनगड’ १८७१ चे. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ने दोहोंची सांगड घातली खरी, पण साचा इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्सचा होता. साचा बाहेरून आणण्याची ही सवय अजून सुटलेली नाही, आणि वर्षभर खुपत राहिले ते हेच. यंदाही परक्या हिमारण्यांतले जादूगार मराठी नावे घेऊन आले. जुन्नरवरचे लेखन मात्र १६३० च्या शिवनेरीवर सुरू होऊन तिथेच संपले.

वास्तविक जुन्नरइतके कथाद्रव्य एकाच डोंगररांगेत क्वचितच सापडते. नाणेघाटाच्या गुहेत सातवाहन राजकुलाचे पुतळे होते. ते गेले, वर कोरलेली नावे राहिली. शेजारच्या भिंतींवर राणी नागनिकेचा लेख यज्ञ आणि दक्षिणा मोजत जातो. मानमोडीच्या भूतलेण्यात दर्शनी भागावर गजलक्ष्मी आहे आणि चंद नावाच्या यवनाच्या दानाचा लेख आहे. दामोदर धर्मानंद कोसंबींनी ‘मिथ अँड रिॲलिटी’त (१९६२) या डोंगराच्या देवीचा माग इथल्याच लेखांपर्यंत नेला. लेण्याद्रीच्या बौद्ध विहारात गिरिजात्मज बसला, आणि गावकऱ्यांच्या लेखी लेणी पांडवांनीच कोरली. लेख आणि दंतकथा एकाच कातळावर आहेत. कादंबरीकाराने दोन्हींना मान द्यायचा आणि त्यांची गल्लत करायची नाही. दंतकथेला पुराव्याचा मुखवटा चढवणे हा इतिहासावर अन्याय, तसाच कथेवरही.

जुन्नर-आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिमेकडच्या महादेव कोळी गावांत वरसूबाई आहे, कळमजाई आहे, वाघोबा आहे. दिवाळीत वसुबारसेच्या दिवशी तिथे वाघबारस असते: गुराखी वाघोबाच्या ठाण्यावर जमतात, नैवेद्य दाखवतात, गुरे राखण्याचे मागणे घालतात. ज्या तालुक्यांत बिबट्याची बातमी वर्षभर रक्ताने लिहिली जाते, तिथे वाघाशी करार करणारा हा देव कोणत्याही कल्पित राक्षसापेक्षा मोठे पात्र आहे.

पण वाघोबाची कादंबरी लिहिण्याआधी ऐकण्याचे काम उरते. दुर्गा भागवत, सरोजिनी बाबर आणि रा. चिं. ढेरे यांनी लोकसाहित्याचा अभ्यास उभा केला, डॉ. गोविंद गारे यांनी महादेव कोळींवर लिहिले. एवढ्यावर भागत नाही. तालुक्याला नाव देणारे आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि त्याची माणसे पांगली. ३० जुलै २०१४ रोजी त्याच तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेच्या वर माणसे गेली. गाव जाते तेव्हा तिथल्या सांगणाऱ्या म्हाताऱ्याही जातात. कथा उतरवताना सांगणारीचे गाव, प्रसंग आणि तिचीच बोली नोंदवावी. दुसरीकडून ऐकलेला पाठभेद खोडू नये, शेजारी ठेवावा. जुन्नर, घोडेगाव आणि मंचरच्या महाविद्यालयांतल्या मराठी विभागांना हे काम याच वर्षी हाती घेता येईल. या अंकातील अद्भुतकथांखालीही मूळ लोककथा कोणत्या गावात ऐकली आणि लेखकाने त्यात काय बदलले, हे छापले आहे.