गावाचा कारभार सर्वांचा

जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात राजूर नावाचे गाव आहे. राजुरेश्वर गणपतीचे हे स्थान मराठवाड्यात प्रसिद्ध असून अंगारकी चतुर्थीला तेथे भाविकांची रीघ लागते. त्या रांगेत जमीनदार असतो तसा मजूरही असतो. आजी असते तशी तिचे बोट धरलेली नातही असते. देवाच्या दारी जो तो आपल्या पायांनी जातो. मग ज्या सभेत गावाच्या पाण्याचा, रस्त्यांचा आणि दिवाबत्तीचा विचार व्हावयाचा, त्या ग्रामसभेला मात्र गावोगावचे कितीतरी लोक, “आपल्याला त्यातले काय कळते?” असे म्हणून घरीच का राहतात?

मुलांनो, ग्रामपंचायतीत बसण्यासाठी निवडून यावे लागते. ग्रामसभेत बसण्यासाठी तशी गरज नाही. गावाच्या मतदारयादीत नाव असलेली प्रत्येक स्त्री आणि प्रत्येक पुरुष तिचा सभासद होय. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचा आज जो नियम आहे, त्याप्रमाणे वर्षातून निदान चार ग्रामसभा भरल्या पाहिजेत. सभासदांपैकी शेकडा पंधरा किंवा शंभर, यांतील जी संख्या कमी असेल तितके लोक सभेस हजर हवेत. तितके न जमल्यास सभा तहकूब होते. आणि पुन्हा भरणाऱ्या तहकूब सभेला ही अट राहत नाही. म्हणजे घरी बसणारा मनुष्य आपला हक्क राखून ठेवीत नाही, तर आलेल्या चार माणसांच्या हवाली करतो.

कोणी म्हणेल, “कारभार जाणत्यांनीच करावा.” परंतु जाणता कोणाला म्हणावे? समजा, गावात नवा नळ बसवावयाचा आहे. नकाशा पाहणारा अधिकारी जागा दाखवील. पण डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारी बाई, गावाच्या टोकाला राहणारा मजूर आणि काठी टेकीत चालणारा वृद्ध यांना जे ठाऊक असते, ते नकाशात नसते. जळते त्याला कळते! मराठवाड्याने १९७२ चा दुष्काळ सोसला, तशीच २०१२-१३ ची पाणीटंचाईही सोसली. अशा प्रदेशात पाण्याचा निर्णय चुकला, तर त्याची झळ प्रथम दुबळ्यालाच लागते.

म्हणूनच नेहमीच्या ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी, असे कायदा सांगतो. २०११ पासून महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत निम्म्या जागाही स्त्रियांसाठी राखीव आहेत. परंतु खुर्ची स्त्रीला द्यावयाची आणि बोलावयाचे तिच्या पतीने, ही त्या हक्काची थट्टा होय.

सर्वांचे ऐकत बसल्यास कामे रखडतील, अशी भीती पुष्कळांना वाटते. त्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाकडे पाहावे. तेथील ग्रामसभा बहुमतावर विसंबत नाही; सर्वांचे एकमत होईपर्यंत चर्चा करते. त्याला वेळ लागतो खरा. पण सर्वांनी मिळून घेतलेला निर्णय सर्वच जण पाळतात. या एकीच्या बळावर त्या गावाने २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला. शहरांनाही हे अशक्य नाही. पुणे महानगरपालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून कामे सुचवून घेऊन ती अंदाजपत्रकात घालण्याची प्रथा सुरू केली.

तुम्हांला मताचा अधिकार मिळण्यास अठरा वर्षे पूर्ण व्हावी लागतील. परंतु तोवर हात बांधून बसण्याचे कारण नाही. ग्रामसभेची सूचना फलकावर लागली की ती वाचून घरी सांगा. आई शेतात असेल तर तिला सभेची वेळ कळवा. ज्या आजोबांना एकट्याने जाता येत नाही, त्यांना सभेच्या दारापर्यंत पोहोचवा. आणि वर्गात सहलीचे किंवा खेळाचे ठरत असेल, तेव्हा मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाला आवर्जून विचारा, “तुला काय वाटते?”

‘गाव करी ते राव न करी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. मात्र वेशीपलीकडची वस्ती, चूल सांभाळणारी बाई आणि मजुरीवर गेलेला माणूस यांना वगळून जे उरते, त्याला गाव म्हणता येणार नाही. ती सर्व माणसे सभेत येऊन बोलू लागतील, तेव्हाच ती म्हण खरी होईल.