गतकाळाची सहल

हल्लीच्या इंग्रजी चित्रपटांत एक चमत्कारिक प्रकार रूढ होऊ पाहत आहे. मुखवटा घातलेला खुनी सुरा घेऊन तरुण मुलामुलींच्या मागे लागतो. त्याला आवरण्यासाठी आजची एखादी मुलगी मागच्या दशकात जाऊन पडते. आणि एवढ्या रक्तपातात प्रेक्षक मात्र पोट धरून हसतो. हे चित्रपट मोठ्यांसाठी आहेत, मुलाबाळांना घेऊन पाहण्याचे नव्हेत, हे आधीच सांगितलेले बरे.

'टोटली किलर' (२०२३) या चित्रपटाची नायिका १९८७ सालात पोचते. आईच्या तरुणपणीचा तो रंगीत, गाणाराबागडणारा काळ! पण तेथे शाळेत कोणीही परका विनाचौकशी शिरतो, आणि जिला वाचवायचे ती आई एका तोऱ्यातल्या, दुष्ट जिभेच्या मुलींच्या टोळक्यात मिरवत असते. 'द फायनल गर्ल्स' (२०१५) मधली मुलगी तर आईने पूर्वी काम केलेल्या भयपटातच शिरते. आई वारलेली, आणि पडद्यात मात्र जिवंत. गंमत बाजूला ठेवली तर दोन्हीकडे शोध आहे तो आई होण्यापूर्वीच्या आईचा. आपल्याकडे 'ॲक्शन रिप्ले' (२०१०) मध्येही मुलगा गतकाळी जातो तो आईबापांचे बिनसलेले लग्न सावरण्यासाठीच.

१९८७ म्हटले की आपल्या घरांत काय आठवते? जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले. रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, ज्याच्या घरी संच त्याच्या घरी शेजारपाजार गोळा होई. ही आठवण खोटी नाही. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राजस्थानातील देवराळा गावी अठरा वर्षांची एक सून पतीच्या चितेवर जळाली आणि हजारोंनी तेथे जयजयकार केला. सतीप्रतिबंधक नवा कायदा झाला तो त्यानंतर. ज्यांना ते दशक परत हवे असते, त्यांच्या यादीत हा सप्टेंबर सहसा नसतो. आणि तो त्या वेळच्या तरुण मुलींना, म्हणजे आजच्या आयांना, विचारावा असे आपल्या मनातही येत नाही.

झाशीत राहणाऱ्या मराठी माणसाला अशी सहल यंत्रावाचून घडते. त्याने विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' उघडावा. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक कर्ज फेडण्यासाठी चुलत्याबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि नेमका वेढ्यात सापडला. सुमारे पंचवीस वर्षांनी त्याने हे लिहिले. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली ते सोवळे करून छापले, आणि मूळ बाड दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केले. मूळ वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्यात गंगाधररावांच्या नाटकवेडाच्या व स्त्रीवेषाच्या गावगप्पा आहेत, दक्षिणेचे हिशेब आहेत, वाड्यातले चैत्रातले हळदीकुंकू आहे. वाचताना हसू आवरत नाही. आणि थोडी पाने उलटली की एप्रिल १८५८ चे 'बिजन' येते: घरांत शिरून केलेली कत्तल, जळणारा हलवाईपुरा, वाड्यातल्या ग्रंथालयाची राखरांगोळी, आणि जीव मुठीत धरून लपलेले हे दोघे.

सोहराब मोदींच्या 'झाँसी की रानी' (१९५३) पासून 'मणिकर्णिका' (२०१९) पर्यंत पडद्याने या शहराला घोडा आणि तलवार पुष्कळ दिली. हलवाईपुऱ्यातला हलवाई मात्र भटजींनीच पाहिला. किल्ला पाहायला येणारी मुले 'त्या काळी आपण असतो तर!' म्हणतात, तेव्हा आपण त्या काळी बहुधा त्या गल्लीत असतो, बुरुजावर नव्हे, हे त्यांना सांगायला कोणी नसते. इंग्रजी चित्रपटातली ती मुलगी निदान सुरा कोठे लपला आहे हे जाणून निघते.

विष्णुभटांना तेही ठाऊक नव्हते. त्यांची मिळकत वाटेत लुटली गेली. तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते पायी वरसईला परतले.