तंबू, तळे आणि गोचीड

‘दहा दिवसांत सात देश’ अशी सहल एकदा करून आलेले आई-वडील मुलाकडे किंवा मुलीकडे दुसऱ्यांदा युरोपात जातात, तेव्हा धावपळीला साफ नकार देतात. मग एखाद्या सरोवराकाठी आठ-दहा दिवस तंबूत राहण्याचा बेत ठरतो. सकाळी रानात फेरफटका, दुपारी पोहणे, संध्याकाळी पक्षी पाहत बसणे. बेत उत्तमच आहे. डोंबिवली काय किंवा कोथरूड काय, साठीतल्या शरीराला सात विमानतळांपेक्षा हे कितीतरी मानवते.

स्वीडन त्यासाठी फार सोयीचा देश. तिथे सुमारे एक लाख सरोवरे आहेत आणि ‘अलेमान्सरेटन’ हा सर्वांचा निसर्गहक्क १९९४ पासून राज्यघटनेत नोंदलेला आहे. जमीन खासगी असली तरी रानातून चालावे, पोहावे, रानबेरी तोडाव्यात, घरांपासून दूर एखादी रात्र तंबू टाकावा. अट एकच, कोणाला त्रास नको आणि नासधूस नको. जास्त दिवस राहायचे तर पैसे भरून कॅम्पिंग साइट घ्यावी. तिथे न्हाणीघर असते आणि गुडघ्यांना तेच बरे.

तंबूत झोप सुधारते, याला थोडा आधार आहे. अमेरिकेत २०१३ साली आठ जणांना आठवडाभर दिव्यांशिवाय रॉकी पर्वतात ठेवले, तेव्हा त्यांच्या शरीराचे घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे सरकले. आठच माणसे, त्यामुळे निष्कर्ष जपून घ्यावा. शिवाय स्वीडनमध्ये जूनची रात्र जेमतेम अंधारते. डोळ्यांवर बांधायला काळी पट्टी न्यावीच.

मात्र, तयारीच्या बाबतीत सगळा उलटा कारभार चालतो. चौकशी होते ती अस्वलाची. अस्वले मुख्यतः मध्य आणि उत्तर भागात असतात आणि माणसाला टाळतात. घोड्याएवढे हरीण म्हणजे एल्क, ते पिल्लासोबत दिसले तर लांब राहावे. फुरशाच्या कुळातला अ‍ॅडर हा तिथला एकमेव विषारी साप. पण खरी काळजी घ्यायची ती गोचिडीची. गवतात, झुडपांच्या टोकांवर ती वाट पाहत असते आणि तिची लहान अवस्था खसखशीच्या दाण्याएवढी असते. ती चावलेली कळतही नाही.

तिच्यापासून दोन आजार होतात. पहिला विषाणूचा, मेंदूला सूज आणणारा. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे ज्याला माकडताप म्हणतात, त्या आजाराच्या विषाणूचा हा जवळचा नातेवाईक. त्यावर औषध नाही, लस आहे. पन्नाशीनंतर तो अधिक तीव्र होतो. स्टॉकहोमच्या आसपासची किनारपट्टी आणि मेलारेन सरोवराचा परिसर हा त्याचा परिचित पट्टा. फक्त शहर पाहणाऱ्याला लशीची गरज नाही, या भागात उन्हाळ्यात तंबूत राहणाऱ्याने मात्र विचारावे. पहिल्या दोन मात्रांमध्ये साधारणपणे एक ते तीन महिन्यांचे अंतर लागते. त्यामुळे हा विषय तिकीट काढतानाच निघायला हवा, बॅग भरताना नव्हे.

दुसरा आजार लाइम. तो जिवाणूचा, वेळीच ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने बरा होणारा. चावल्यानंतर तीन दिवसांपासून महिनाभरात कधीही त्वचेवर चट्टा उठतो आणि हळूहळू पसरतो. गोऱ्या त्वचेवर तो लालभडक दिसतो, आपल्या सावळ्या त्वचेवर जांभळट-तपकिरी आणि पुसट. तोवर पाहुणे भारतात परतलेले असतात आणि इथे गजकर्णाचे मलम सुरू होते. इथल्या डॉक्टरांनी लाइमचा रुग्ण क्वचितच पाहिलेला असतो, आणि परदेशात कुठे, कसे राहिलात हे विचारण्याची पद्धतही आपल्याकडे नाही. ती पडली पाहिजे. तोपर्यंत रुग्णानेच आपणहून सांगावे.

उपाय फुकटचे आहेत. लांब पँट, ती मोज्यात खोचलेली. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, कमरेच्या नाडीखाली तपासणे. जोडीदाराने एकमेकांची पाठ पाहावी. गोचीड सापडलीच तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. तेल, रॉकेल, जळती काडी हे आजीचे उपाय इथे करू नयेत. त्याने वेळ जातो आणि गोचीड आणखी लाळ सोडू शकते.

पोहण्याचेही तसेच. हवा पंचवीस अंश म्हणून पाणीही कोमट असेल असे नाही, जूनच्या सुरुवातीला ते पंधराच्या खालीही असू शकते. अशा पाण्यात उडी मारली की पहिल्या मिनिटात धाप लागते, रक्तदाब चढतो. विहिरीत सूर मारून शिकलेला माणूस इथेच फसतो. काठाने हळूहळू उतरावे, एकट्याने जाऊ नये. दम लागला तर हातपाय न मारता पाठीवर तरंगत राहावे, दोनएक मिनिटांत श्वास ताळ्यावर येतो. हृदयविकार किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर आपल्या डॉक्टरांना फक्त ‘स्वीडनला चाललोय’ एवढे सांगून भागणार नाही. तिथे थंड पाण्यात उतरणार आहोत, हेही सांगावे.