वाहनतळाचा हिरवा मुलामा

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. सांताक्रूझ-सहारच्या एकाच विमानतळावर इतकी वर्षे भार टाकून बसलेल्या या महानगराला दुसरा विमानतळ मिळाला, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु विमानतळ आला की वाहनतळ येतो, आणि वाहनतळ आला की हल्ली त्याच्याबरोबर एक विशेषणही येते. तो ‘पर्यावरणस्नेही’ असतो. त्याच्या छपरावर सौरफलक असतात, दिवे वीज वाचविणारे असतात, विजेच्या मोटारींना चार्जिंगची सोय असते, भिंतीवर वेली चढविलेल्या असतात आणि पावसाचे पाणी साठविणारी टाकी असते. जगभरच्या विमानतळांची माहितीपत्रके अशा वर्णनांनी भरलेली आहेत. यातील प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी चांगलीच आहे. तथापि मोटार उभी करण्याची जागा हिरवी केल्याने मोटारीचा प्रवास हिरवा होतो काय, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. नवा विमानतळ अजून आकार घेत आहे तोवरच तो विचारलेला बरा.

आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर वाहनतळाच्या छपरावर शोधून सापडणार नाही. ते घरापासून विमानतळापर्यंतच्या रस्त्यावर आहे. वाहनतळ कशाचा बांधला आहे, यापेक्षा तो असल्यामुळे किंवा नसल्यामुळे मोटारीच्या किती फेऱ्या घडतात, ही खरी कसोटी होय.

छपराची बाजू प्रथम मांडू, म्हणजे तिच्यावर अन्याय व्हावयाचा नाही. कोची येथील विमानतळ २०१५ च्या ऑगस्टपासून आपल्या गरजेइतकी वीज सूर्यापासून निर्माण करीत आहे, आणि त्याबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१८ साली त्याचा गौरवही केला. तेथे वाहनतळावरही सौरफलकांचे छप्पर घातलेले आहे. एका मोटारीला उभे राहण्यास सुमारे १२ चौरस मीटर जागा लागते. तेवढ्या जागेवरील फलक आपल्याकडील उन्हात दिवसाला साधारण १० युनिट वीज देऊ शकतात, आणि तेवढ्या विजेवर विजेची मोटार ६० किलोमीटर सहज धावते. म्हणजे छपराखाली चार दिवस उभ्या असलेल्या मोटारीच्या डोक्यावर तिच्या जाण्यायेण्याला पुरून उरेल इतकी वीज तयार होते. हा हिशेब खोटा नाही. सौरफलकांच्या मधल्या जागेत कोचीकर भाजीपालाही पिकवितात. असली व्यवहारी काटकसर आम्हांस मनापासून आवडते.

परंतु कोचीच्या मोकळ्या जागेत जे जमले ते मुंबईच्या दाटीत जमणे कठीण. येथे वाहनतळ आडवा पसरत नाही, उभा वाढतो. ऊन मात्र मजल्यागणिक पडत नाही. दहा मजली वाहनतळाला छप्पर एकच असते, आणि त्या छपराची वीज दहा मजल्यांच्या मोटारींत वाटावयाची म्हटली तर प्रत्येकीच्या वाट्याला एक युनिट येते. त्या विजेवर ठाण्याचा प्रवासी फार तर भांडुपच्या आसपास जाऊन थांबेल! उरलेली वीज बाहेरून आणावयाची, आणि देशातील विजेचा मोठा भाग आजही कोळशापासून होतो. अशी एक युनिट वीज तयार होताना सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विजेची मोटार तरीही पेट्रोलच्या मोटारीपेक्षा उजवी ठरते; मात्र जाहिरातीत दिसते तेवढी नव्हे. शिवाय मजल्यावर मजले चढवावयाचे तर सिमेंट आणि लोखंड लागते. एक टन सिमेंट तयार होताना सहाशे ते आठशे किलो कर्बवायू निघतो, आणि तो पहिली मोटार आत येण्याच्या आधीच निघून गेलेला असतो. वाहनतळाच्या हिरवेपणाचा जमाखर्च मांडताना खर्चाची ही पहिली ओळ बहुधा गाळलेली दिसते.

पाण्याचीही गोष्ट आहे. मिठी नदी मुंबईच्या विमानतळाच्या धावपट्टीखालून वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा या नदीने काय केले, हे मुंबईकरांना सांगावयास नको. नवी मुंबईचा विमानतळ तर उलव्याची टेकडी सपाट करून, उलवे नदीचा प्रवाह वळवून आणि खारफुटीच्या व खाजणाच्या जमिनीवर भराव घालून उभा राहिला. दहा गावांनी त्यासाठी आपली घरे सोडली. अशा जमिनीवर फरसबंदीचा प्रत्येक नवा चौरस मीटर म्हणजे पाणी मुरण्याची तेवढी जागा कमी. तेथे टाकी बांधून पाच-पन्नास झाडांना पाणी घातले, म्हणजे ते ऋण फिटले असे मानणे हा मनाचा मोठेपणा झाला, हिशेब नव्हे.

आता फेऱ्यांकडे वळू. प्रवासी स्वतःची मोटार घेऊन विमानतळावर आला, ती तेथे ठेवून परगावी गेला आणि परत येऊन तिच्यातूनच घरी गेला, तर मोटारीच्या दोन फेऱ्या झाल्या. तोच प्रवासी मुलाला किंवा चालकाला सोडावयास घेऊन गेला, तर मोटार जाताना भरलेली व येताना रिकामी; चार दिवसांनी आणावयास जाताना पुन्हा रिकामी आणि परतताना भरलेली. फेऱ्या चार झाल्या. ठाण्याहून सहार २२ किलोमीटर धरले, तर पहिल्या प्रकारात ४४ किलोमीटर आणि दुसऱ्यात ८८. लिटरला १५ किलोमीटर धावणारी पेट्रोलची मोटार पहिल्या प्रकारात सुमारे ७ किलो कर्बवायू सोडील, तर दुसऱ्यात साडेतेरा. टॅक्सीचे गणित मधले आहे: तिला परतीचे भाडे लगेच मिळाले तर ती पहिल्या प्रकारात मोडते, रिकामी परतली तर दुसऱ्या. म्हणजे वाहनतळाला नाके मुरडणारा आणि ‘आम्ही तर मोटार ठेवतच नाही, नुसते सोडून येतो’ असे अभिमानाने सांगणारा गृहस्थ वस्तुतः दुप्पट धूर करीत असतो. आमच्या समाजात विमानतळावर पोहोचविण्यास आणि उतरवून घेण्यास जाणे हा अजूनही मायेचा भाग आहे. परदेशी निघालेल्या मुलीबरोबर दोन मोटारी भरून मंडळी जातात, हे काही आता जुन्या काळाचे चित्र नव्हे. या मायेवर कर बसवा असे आम्ही म्हणणार नाही. पण तिचे मोजमाप तरी ठाऊक असावे.

हा अनुभव दूरदेशीच्या एका शहराने घेतलेला आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या लोगन विमानतळावर १९७५ साली, हवा शुद्ध राखण्याच्या कायद्यान्वये, मोटारी ठेवण्याच्या जागांवर मर्यादा घालण्यात आली. हेतू स्वच्छ होता. जागा नसली म्हणजे लोक मोटारी आणणार नाहीत आणि बसने किंवा रेल्वेने येतील, असा तर्क होता. पुष्कळ लोक तसे आलेही. परंतु प्रवासी वाढत गेले तसे अनेकांनी दुसरी वाट काढली. त्यांनी मोटार ठेवण्याचे सोडले, पण मोटारीने येणे सोडले नाही. कोणीतरी सोडावयाचे आणि कोणीतरी आणावयाचे, अशा दुहेरी फेऱ्यांचा बोजा रस्त्यावर आला. अखेर २०१७ मध्ये याच कारणास्तव त्या मर्यादेत पाच हजार जागांची वाढ करण्यास राज्य सरकारने संमती दिली. बस आणि इतर सोयी कशा सुधारता येतील याचा अभ्यास करण्याची अट मात्र घातली. त्याच विमानतळाची संस्था दूरच्या उपनगरांतून विमानतळापर्यंत थेट बसही चालविते. प्रवाशाने आपली मोटार त्या उपनगरातच ठेवावी आणि उरलेला लांबचा प्रवास बसने करावा, अशी ही व्यवस्था आहे. वाहनतळ विमानतळाला चिकटूनच असला पाहिजे असे कोठे लिहिले आहे? तो ठाण्यात, बोरिवलीत किंवा पनवेलीत असू शकतो. तसा तो असला तर महामार्गावरील शंभर मोटारींची जागा तीन-चार बस घेतील.

मग असे का घडत नाही? येथे विषय पैशापाशी येतो, आणि तो मोकळेपणाने बोलावयास हवा. विमानाच्या उतरण्या-उडण्याचे दर नियामक ठरवितो. दुकाने, उपाहारगृहे आणि वाहनतळ यांच्या उत्पन्नाबाबत विमानतळ चालविणाऱ्याला पुष्कळ अधिक मोकळीक असते. मोटार ठेवणारा प्रवासी हे त्याचे गिऱ्हाईक आहे; बसने येणारा नव्हे. यात चालकाला दोष देण्याचे कारण नाही, व्यापारी व्यापारच करणार. पण सार्वजनिक संस्थांचे हात तरी मोकळे आहेत काय? २००६ च्या करारानुसार मुंबई विमानतळाच्या एकूण उत्पन्नाचा ३८.७ टक्के वाटा विमानतळ प्राधिकरणाला द्यावयाचा आहे. नवी मुंबईत सिडकोचा उत्पन्नातील वाटा १२.६ टक्के ठरला आणि तिची २६ टक्के भागीदारीही आहे. म्हणजे ज्या संस्थेने त्या परिसराचे नियोजन करावयाचे, रस्ते, बस आणि रेल्वे यांची सांगड घालावयाची, तिच्याच गल्ल्यात वाहनतळाच्या पावतीतील काही पैसे पडतात. मोटारी कमी याव्यात अशी आच तिला कोठून लागावी? विमानतळांना कर्बमापनाची प्रमाणपत्रे देणारी एक योजना २००९ पासून युरोपात सुरू होऊन पुढे जगभर पसरली. तिच्या आरंभीच्या पायऱ्यांवर विमानतळाच्या स्वतःच्या कारभारातील धूरच मोजला जातो. प्रवाशांच्या येण्याजाण्याचा धूर तिसऱ्या पायरीपासून हिशेबात येतो. कोणत्या विमानतळाला कोणते प्रमाणपत्र मिळाले हे वाचताना वाचकांनी ही पायरी अवश्य पाहावी.

कोणी म्हणेल की विमानाच्या धुरापुढे या मोटारींचा धूर किस झाड की पत्ती. खरे आहे. मुंबईहून दिल्लीला जाताना माणशी नव्वद ते शंभर किलो कर्बवायू निघतो, आणि त्यापुढे ठाण्याच्या मोटारीचे सात किलो क्षुल्लकच. त्यामुळे कोणताही वाहनतळ, त्यावर कितीही फलक लावले तरी, विमानप्रवासाला निर्दोष करू शकत नाही. तसे सुचविणारी जाहिरात सरळ दिशाभूल करणारी समजावी. परंतु विमानात कोणते इंधन जाळावे हे ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या हाती नाही. विमानतळापर्यंत बस न्यावी की नाही, हे त्यांच्या हाती आहे. शिवाय पश्चिम द्रुतगती महामार्गावर पार्ल्याच्या आसपास राहणाऱ्यांच्या फुफ्फुसांत विमानापेक्षा मोटारीचा धूर अधिक जातो.

मुंबईत या बाबतीत एक मोठे पाऊल पडले आहे. कफ परेड ते आरे ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण मार्गाने धावू लागली आणि विमानतळाची दोन्ही टर्मिनल्स तिच्या मार्गावर आली. या मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत दोन हजारांवर झाडे तोडली गेली, तो वाद या शहराच्या मनात अजून ताजा आहे. झाडांची ती किंमत मोजलेली असताना मेट्रोचा पुरेपूर उपयोग न करणे हा दुहेरी तोटा होय. आणि तो होतो आहे. दूरदेशीची कितीतरी विमाने आपल्याकडून मध्यरात्रीनंतर, दोन-तीनच्या सुमारास सुटतात, आणि मध्यरात्रीनंतर मेट्रो धावत नाही. पहाटेच्या विमानासाठी तिसऱ्या प्रहरी घर सोडणाऱ्या माणसाला, विशेषतः एकट्या स्त्रीला, मोटारीवाचून गत्यंतर उरत नाही. तिला पर्यावरणावर व्याख्यान देण्यात काय हशील? भुयारी मार्गाला रात्रीच्या देखभालीसाठी अवधी लागतो हे आम्ही जाणतो. पण बसला तशी अडचण नाही. रात्री बारा ते पाच या वेळात ठाणे, बोरिवली, दादर, वाशी येथून ठरलेल्या वेळी सुटणारी, सामानाला जागा असलेली आणि चांगला उजेड असलेल्या थांब्यांवर थांबणारी बस हा कोणत्याही हिरव्या भिंतीपेक्षा अधिक पर्यावरणस्नेही वाहनतळ होय.

नवी मुंबईत तर आज निवडीला वाव आहे. तेथे जाणारा मुंबईकर अटल सेतूवरून जाणार, आणि तो सेतू मोटारींचा आहे. दुचाकी व रिक्षा त्यावर वर्ज्य आहेत. दोन विमानतळांना जोडणारी मेट्रो अजून व्हावयाची आहे. या मधल्या काळात लोकांना मोटारीची सवय लागली, की पुढे मेट्रो आली तरी ती सवय सुटावयास एक पिढी जाईल. म्हणून सिडकोने आताच ठरवावे की वाहनतळाच्या उत्पन्नातील आपला वाटा, निदान पहिली दहा वर्षे, विमानतळाच्या रात्रंदिवस बससेवेसाठी वेगळा काढून ठेवला जाईल. त्यामुळे तिच्या गल्ल्यातील पैसा आणि तिचे कर्तव्य यांतील ओढाताण तरी मिटेल. एन.एम.एम.टी., बेस्ट आणि एस.टी. यांनी तीन वेगवेगळी वेळापत्रके न काढता विमानांच्या वेळा समोर ठेवून एकच काढावे. पुणे, नाशिक आणि अलिबागच्या प्रवाशांना ते एका ठिकाणी वाचावयास मिळावे.

दुसरी मागणी याहून साधी आहे आणि तिला पैसाही फारसा लागत नाही. दोन्ही विमानतळांवर किती प्रवासी स्वतःच्या मोटारीने आले, किती जणांना कोणी सोडून गेले, किती टॅक्सीने, किती बसने व मेट्रोने आले, हे आकडे दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावेत. वाहनतळाच्या दारावर प्रत्येक मोटारीचा क्रमांक टिपला जातो, सोडण्याच्या मार्गिकेवरही कॅमेरे असतात. टॅक्सीच्या आणि मेट्रोच्या नोंदी तर तयारच असतात. ही मोजदाद हाती आल्याखेरीज वाहनतळाच्या पुढच्या मजल्याला मंजुरी देऊ नये, मग त्याच्या छपरावर कितीही फलक लावावयाचे असोत.