नवीन स्कीम, जुने आपण

होस्टेलवर सध्या दोनच विषय चालतात, मेसची भाजी आणि क्रेडिट. भाजीवर बोलून काही उपयोग नाही हे सीनिअर्सनी सांगून ठेवलंय, म्हणून क्रेडिटवर लिहितेय.

जानेवारी २०१८ मध्ये एआयसीटीईने मॉडेल करिक्युलम आणला आणि इंजिनिअरिंगचे क्रेडिट साधारण २२० वरून १६० वर आले. मग २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, २०२१ मध्ये अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. आता ज्युनिअर्सना मल्टिडिसिप्लिनरी मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञान परंपरा असं बरंच काही आहे. मला स्वतःला हे आवडलं. मेकॅनिकलच्या मुलाने थोडं अर्थशास्त्र शिकलं तर बिघडलं कुठे? आणि हाताने काम करत शिकायचं, हे तर वर्ध्याला कुणी नवीन म्हणून सांगूच नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये याच गावात शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम तिथूनच पुढे गेली. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना हे सेवाग्रामला ट्रिप गेल्यावर कळतं, ती गोष्ट वेगळी.)

माझं भांडण बदलाशी नाही. मधल्यामध्ये अडकणाऱ्या पोरांचं काय, एवढाच प्रश्न आहे. जो दरवर्षी पास होतो, त्याची जुनी स्कीम शेवटपर्यंत चालते. पण ज्याचं इयर डाऊन झालं, तो परत येतो तेव्हा वर्गात नवी स्कीम सुरू झालेली असते. त्याने पास केलेले काही विषय नव्या यादीत नसतात आणि यादीतले काही त्याने कधी बघितलेलेच नसतात. मग त्याला 'अॅब्सॉर्ब' करतात. शब्द किती गोड! प्रत्यक्षात रेग्युलर विषय, जुने बॅक आणि वरून हे वाढीव पेपर, सगळं एकाच वेळी डोक्यावर.

आमच्या विंगमधल्या एकीचं हेच झालं. पोरगी हुशार आहे, एम-थ्रीने घात केला. जास्तीचे पेपर नेमके कोणते, हे तिला अर्धं सेमिस्टर उलटल्यावर कळलं. बाबा कास्तकार. चार वर्षांच्या फीचा हिशोब त्यांनी कापसाच्या चार हंगामांवर बसवलेला. पाचव्या हंगामाचं फोनवर कसं सांगायचं, यात तिचे दोन आठवडे गेले.

ऐनवेळी नियम हलले की काय होतं, हे महाराष्ट्राने २०२० मध्ये बघितलंय. राज्य सरकार म्हणालं फायनल इयरची परीक्षा नको, ६ जुलैला यूजीसी म्हणाली हवीच, आणि २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परीक्षेशिवाय डिग्री नाही. तोवर मुलं घरी आणि कितीतरी जणांची पुस्तकं होस्टेलच्या रूममध्ये कुलूपबंद. पण तेव्हा करोना होता. आता कसलं कारण आहे?

ज्या दिवशी नवी स्कीम जाहीर होते, त्याच दिवशी कोणता जुना विषय कोणत्या नव्याच्या जागी धरणार याचा तक्ता नोटीस बोर्डावर लागला पाहिजे. पास झालेला जो विषय कुठेच बसत नाही, तो ओपन इलेक्टिव्हमध्ये धरा. क्रेडिटची बँक म्हणता ना, मग खात्यात जमा केलेलं जातं कुठे? सर म्हणतात, हे बोर्ड ऑफ स्टडीज ठरवतं, कॉलेजच्या हातात नाही. मान्य. पण तक्ता मागणारं पत्र पाठवणं तर कॉलेजच्या हातात आहे?

आपणही जरा जागं व्हायला हवं. जुना सिलॅबस रद्दीत देऊ नका, मार्कशीटच्या झेरॉक्सला जोडून फाइलमध्ये ठेवा. इयर डाऊन झालं असेल तर क्लासेस सुरू व्हायच्या आधी एका कागदावर जमा क्रेडिट, बाकी क्रेडिट आणि वाढीव विषय लिहून एचओडींची सही मागा. "होऊन जाईल ना, सही कशाला?" असं म्हणतील, थोडं चिडतीलही. चिडू द्या. सही घ्याच, आणि खाली तारीख टाकून घ्या.