गाडीची वही

पेढीवर उतरणाऱ्या प्रत्येक पोत्याची हमाली कीर्दीत लिहिली जाते. सुतळीचा आणि चहाचा खर्चही त्यातून सुटत नाही. घर आणि दुकान यांच्या खालोखाल महाग असलेली दारातली गाडी मात्र हिशेबाबाहेर राहते. ती वर्षाला किती किलोमीटर चालते, असे विचारले तर ‘पुष्कळ चालते’ एवढेच उत्तर मिळते. याउलट, नवी गाडी घेताना ‘ॲव्हरेज किती देते?’ हा प्रश्न घरातला प्रत्येकजण विचारतो. पहिल्या प्रश्नाचा आकडा हाती नसेल तर दुसऱ्याच्या उत्तरातून फारसे काही निष्पन्न होत नाही.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातील कुटुंब, राहणे बिबवेवाडीला आणि पेढी मार्केट यार्डात. जाऊन-येऊन ८ किलोमीटर धरले तर ३०० दिवसांचे २,४०० होतात. लग्नकार्ये, दवाखाना, नातेवाईक यांचे १,२००. नाशिकच्या दोन खेपा ८४०, मुंबईच्या तीन खेपा ९०० आणि दक्षिणेकडील एक यात्रा जाऊन-येऊन १,७००. बेरीज ७,०४०. गाडी रोज रस्त्यावर दिसते, म्हणून ती फार चालते असे वाटत असते. प्रत्यक्षात आकडा सात हजारांच्या आसपास थांबतो.

आता हे कुटुंब डिझेल गाडी घेण्याच्या विचारात आहे, कारण इंधन स्वस्त आणि ॲव्हरेज जास्त. समजा, त्याच गाडीचे डिझेल मॉडेल पेट्रोलपेक्षा १,२५,००० रुपयांनी महाग आहे. पेट्रोल १०४ रुपये लिटर आणि धाव १५ किलोमीटर, डिझेल ९१ रुपये आणि धाव १९ किलोमीटर. सात हजार किलोमीटरला पेट्रोलचा खर्च सुमारे ४८,५०० आणि डिझेलचा ३३,५०० येतो. वर्षाची बचत १५,०००. जादा दिलेली रक्कम भरून निघण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागतो. त्या रकमेवर सात टक्के व्याज धरून कर्जाच्या हप्त्याप्रमाणे हिशेब मांडला, तर हा काळ सुमारे तेरा वर्षांवर जातो. खाजगी गाडीची पहिली नोंदणी असते पंधरा वर्षांची. हेच कुटुंब वर्षाला २५,००० किलोमीटर फिरत असते, तर व्याज न धरता ती रक्कम दोन वर्षे चार महिन्यांत वसूल झाली असती. तालुक्यांतून रोज फिरणाऱ्या व्यापाऱ्याने डिझेल जरूर घ्यावे. घर ते पेढी एवढीच फेरी असणाऱ्याने घेतले तर त्याला आणखी एक अडचण येते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी एक गाळणी असते. साचलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटे सलग वेगाने चालावी लागते. चार किलोमीटरच्या फेरीत, सिग्नलवर थांबत थांबत, ते घडत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी गॅरेजमध्ये जाते.

सीएनजीचा किलोमीटरमागचा खर्च कमी असतो. पण साध्या रचनेत डिकीची जागा टाकीत जाते आणि टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते. रोजच्या आठ किलोमीटरला विजेवरची गाडीही सोयीची, फक्त घरी चार्जिंगची जागा हवी आणि यात्रेचा मार्ग आधी आखून ठेवावा लागतो.

इंधनावर एवढा खल होत असला तरी एकूण खर्चात त्याचा वाटा लहान आहे. समजा, दहा लाखांची पेट्रोल गाडी आठ वर्षांनी तीन लाखांना विकली. किमतीतील घट वर्षाला ८७,५००, विमा १८,०००, सर्व्हिसिंग व किरकोळ दुरुस्ती १२,००० आणि पेट्रोल ४८,५००. एकूण १,६६,०००, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ २४ रुपये. यात पेट्रोल सातही रुपये नाही. निम्म्याहून अधिक भार किमतीतील घटीचा आहे. वर्षातून चार दिवस पाहुणे येतात म्हणून सात आसनी मोठी गाडी घेणारे घर उरलेले ३६१ दिवस ही घट सोसते. त्या चार दिवसांपुरती गाडी भाड्याने घेणे कितीतरी स्वस्त पडते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे, तर मोठ्या पेट्रोल व डिझेल गाड्यांवर ४० टक्के.

पेढीच्या नावावर गाडी घेतली तरी नेहमीच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट व्यापाऱ्याला मिळत नाही. आयकरात घसारा १५ टक्के मिळतो; मात्र त्या आर्थिक वर्षात गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर निम्माच. धनत्रयोदशीला घेतलेल्या गाडीची त्या वर्षी हीच स्थिती होते. मुहूर्त अवश्य पाहावा, पण ही गोष्ट माहीत असावी.

कमी चालणाऱ्या गाडीची खरी हेळसांड होते ती सर्व्हिसिंगच्या बाबतीत. ‘अजून दहा हजार झालेच कुठे?’ असे म्हणून दोन-दोन वर्षे गाडी गॅरेजला दाखवली जात नाही. कंपनीच्या पुस्तिकेत बहुधा १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, ‘यांपैकी जे आधी होईल ते’ असे छापलेले असते. हे शेवटचे शब्द कोणी वाचत नाही. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. त्यामुळे इंजिन ऑइलमध्ये ओलावा आणि इंधनाचा अंश साचत जातो. बॅटरी पूर्ण भरत नाही. धान्याच्या गोदामाजवळ उभी राहणारी गाडी असेल तर उंदीर वायरी कुरतडतात, तो खर्च वेगळा.

याहून गंभीर बाब ब्रेक ऑइलची आहे. गाडी उभी असली तरी ते हवेतील ओलावा शोषत राहते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. बहुतेक कंपन्या ते सुमारे दोन वर्षांनी बदलण्यास सांगतात. शहरात रोज ये-जा करताना काहीच जाणवत नाही. तीच गाडी मे महिन्यात सहकुटुंब महाबळेश्वरला जाते आणि परतताना पसरणीचा घाट वाईकडे उतरू लागते. मागे आजी-आजोबा व नातवंडे, डिकी भरलेली आणि चालकाचा पाय सतत ब्रेकवर. चाकांजवळची उष्णता त्या ऑइलपर्यंत पोहोचते, त्यात वाफ धरते आणि पेडल दाबले तरी ब्रेक लागत नाही. बदलण्याचा खर्च बहुधा दोन हजारांच्याही आत असतो. घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहावे हे जुने चालक सांगत आले आहेत. नवे चालक ते विसरत चालले आहेत.

टायरचेही असेच आहे. नक्षी शाबूत दिसते, म्हणून टायर चांगला असे गृहीत धरले जाते. टायरच्या बाजूला चार अंक असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. रबर वयाने कडक होते, त्याला तडे जातात. सात वर्षांचे टायर पेठेतल्या वेगाला चालून जातात. समृद्धी महामार्गाच्या सिमेंटवर, भर उन्हात, १२० च्या वेगाला ते फुटू शकतात. तेथे टायर फुटला की गाडी सावरण्यास क्षणही मिळत नाही.

विम्यासंबंधी एक सूचना. पाच वर्षे दावा केला नाही तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. बंपरच्या ओरखड्यासाठी दावा करून ती घालवणे परवडत नाही. ही सूट गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी विकल्यावर ती नव्या गाडीच्या विम्यात घेता येते. अनेक घरांत ती मागितलीच जात नाही.

वार्षिक धाव काढण्यास सर्व्हिसिंगची दोन बिले पुरतात. त्यांवर तारीख व किलोमीटर दोन्ही असतात. चौदा महिन्यांत ८,१९० चालली असेल तर वर्षाचे ७,०२० होतात. बिले सापडली नाहीत तर वहीपूजनाच्या दिवशी काट्यावरचा आकडा, ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख आणि टायरवरचे चार अंक नव्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवावेत.